ऊर्जाप्रश्न व निवडणुका, महाराष्ट्रातील

वीज, इंधन आणि हवामान यांसंबंधी राजकीय पक्षांनी व निवडणुकीतील उमेदवारांनी महाराष्ट्रात वेळोवेळी घेतलेल्या भूमिकांचा इतिहास. या भूमिकांत दोन कल्पना प्रामुख्याने आढळतात : ऊर्जास्वावलंबन व हवामानबदल. एखाद्या देशाची, राज्याची वा प्रदेशाची इंधनाची व विजेची गरज मुख्यत्वे स्वतःच्या साधनांतून भागविण्याची क्षमता म्हणजे ऊर्जास्वावलंबन होय. दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनाने वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण वाढून पृथ्वीचे सरासरी तापमान, पर्जन्यमान व ऋतुचक्र यांत जो फरक पडत आहे, त्यास हवामानबदल म्हणतात. या दोन कल्पना नेहमीच परस्परपूरक नसतात. भारतात विपुल प्रमाणात मिळणारे इंधन दगडी कोळसा हे आहे. त्यामुळे स्वावलंबनाचा सर्वांत जवळचा मार्ग दीर्घकाळ कोळशाचाच राहिला आणि हवामानाच्या दृष्टीने तोच सर्वांत हानिकारक ठरला. महाराष्ट्रातील ऊर्जाविषयक राजकारणाचा अलीकडील भाग बव्हंशी या अंतर्विरोधातून घडला आहे. तथापि मतदारांपुढे हा प्रश्न क्वचितच या स्वरूपात मांडला गेला. विजेचा दर, भारनियमन, संपादित जमिनीचा मोबदला, परदेशी कंपन्या आणि पीकविमा या रूपांनीच तो सभांतून व जाहीरनाम्यांतून प्रकट झाला.

स्वातंत्र्यपूर्व काळ : मुंबईतील कापडगिरण्यांना कोळशावरील अवलंबनातून मुक्त करण्यासाठी टाटा उद्योगसमूहाने सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जलविद्युत् योजना हाती घेतल्या. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही त्यांची वीजनिर्मिती केंद्रे होत. यांपैकी भिरा केंद्रासाठी मुळशी येथे बांधावयाच्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट (पांडुरंग महादेव बापट) हे त्याचे प्रमुख नेते होते. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, पण धरण थांबले नाही. या आंदोलनात उपस्थित झालेला वाद पुढील शंभर वर्षे पुनःपुन्हा उद्भवला. एका पक्षाचे म्हणणे असे, की देशी भांडवलावर उभी राहणारी वीज ही राष्ट्रीय स्वावलंबनाची पायरी आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे, की ज्यांची भातशेती व गावे पाण्याखाली जातात त्यांना त्या विजेचा काहीही उपयोग नाही. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या पुण्यातील पुढाऱ्यांची या दोहोंमध्ये झालेली ओढाताण त्या काळच्या वृत्तपत्रांतून दिसून येते.

विजेच्या राष्ट्रीय धोरणाचा विचार पुढे दोन दिशांनी झाला. त्यांपैकी एका दिशेचा संबंध खानदेशाशी येतो. यावल तालुक्यातील फैजपूर येथे २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिलेच अधिवेशन होय. १९३७ च्या आरंभी व्हावयाच्या प्रांतिक निवडणुकांच्या तोंडावर ते भरल्याने शेतीविषयक कार्यक्रमास त्यात महत्त्व आले. अधिवेशनाच्या निमित्ताने महात्मा गांधींनी खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्‌घाटन केले. गांधीजींच्या विचारात स्वावलंबनाचे एकक खेडे हे होते, तर नेहरूंचा ओढा नियोजनाकडे व अवजड उद्योगांकडे होता. १९३८ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीने ऊर्जा व इंधन यांसाठी स्वतंत्र उपसमिती नेमली, तीत नेहरूंची दिशा स्पष्ट झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्यनिवारण नाही आणि स्वस्त व विपुल विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही, असा आग्रह धरला. वीज ही सार्वजनिक मालकीची असावी, या मताचा पाया त्यांच्या कारकीर्दीत घातला गेला. १९४८ चा वीजपुरवठा अधिनियम व त्यानुसार स्थापन झालेली राज्य विद्युत् मंडळे ही या विचारसरणीची फलश्रुती म्हणता येईल.

राज्यस्थापनेनंतर : महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली. जुन्या मुंबई राज्याच्या काळात १९५४ मध्ये सुरू झालेला कोयना प्रकल्प १९६२ पासून वीज देऊ लागला [→ कोयना प्रकल्प]. टप्प्याटप्प्याने वाढत त्याची स्थापित क्षमता १,९०० मेगॅवॉटच्या वर गेली. राज्याच्या स्वावलंबनाचे प्रतीक म्हणून सत्ताधारी पक्षाने त्याचा प्रचारात सातत्याने उल्लेख केला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने मोठ्या धरणांच्या सुरक्षिततेबद्दल प्रश्न उपस्थित केले. कोयना प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न तर अनेक निवडणुकांत उमेदवारांपुढे उभा राहिला. १९६९ मध्ये तारापूर येथे देशातील पहिले अणुवीजकेंद्र कार्यान्वित झाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर आयात इंधनाची किंमत सर्वसामान्य नागरिकांस जाणवू लागली आणि १९७४ मध्ये ‘बाँबे हाय’ येथे लागलेल्या खनिज तेलामुळे स्वावलंबनाच्या आशेस नवे बळ मिळाले.

या काळातील उमेदवारांच्या आश्वासनांत गावात वीज आणणे हे प्रमुख आश्वासन होते. खेड्यांच्या विद्युतीकरणाबरोबर विहिरींवर विद्युत् पंप बसले आणि बागायत वाढली. १९७० नंतरच्या दशकात शेतीपंपांसाठी मीटरऐवजी अश्वशक्तीवर आधारित ठोक आकारणीची पद्धत रूढ झाली. तीमुळे वीजबिलाचा हिशेब सोपा झाला. पण प्रत्यक्ष किती वीज व किती भूजल वापरले जाते याची नोंद राहिली नाही. मंडळाच्या तोट्यापैकी किती भाग शेतीच्या वापराचा व किती गळतीचा, हा वाद त्यातूनच निर्माण झाला. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी शेतमालाच्या भावावर सरकार बंधने घालीत असताना शेतकऱ्यास वीजबिलाचा कर्जदार मानणे अन्यायाचे आहे, अशी भूमिका घेतली. सर्व पक्षांच्या ग्रामीण उमेदवारांना पुढे या मांडणीची कमीअधिक प्रमाणात दखल घ्यावी लागली.

खानदेशातील वीजनिर्मिती : तापी खोऱ्यातील जळगाव, धुळे व नंदुरबार (१९९८ पूर्वी धुळे जिल्ह्याचा भाग) हे तीन जिल्हे या विषयाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहेत. कोळसा, वारा, सूर्यप्रकाश व नदीचे पाणी या चारही साधनांपासून येथे अथवा येथील जमिनीच्या मोबदल्यात वीज निर्माण झाली आहे.

भुसावळजवळील दीपनगर येथील औष्णिक विद्युत् केंद्राचा पहिला, ६० मेगॅवॉटच्या आसपास क्षमतेचा संच १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. २१० मेगॅवॉटचे दोन संच १९७९ ते १९८२ या काळात आणि ५०० मेगॅवॉटचे दोन संच २०१२ नंतर कार्यान्वित झाले. पुढे ६६० मेगॅवॉटच्या अतिक्रांतिक तंत्राच्या संचाची उभारणी हाती घेण्यात आली. लोहमार्गाचे मोठे प्रस्थानक आणि तापीचे पाणी या दोन सोयींमुळे हे स्थान निवडले गेले. केंद्रामुळे रोजगार व व्यापार वाढला. त्याबरोबरच राखेची तळी, राखवाहतूक व हवेतील धूळ हे परिसरातील गावांचे कायमचे प्रश्न झाले. स्थानिक निवडणुकांत केंद्राच्या विस्तारास उघड विरोध करणारा प्रमुख उमेदवार सहसा आढळत नाही. भूमिपुत्रांना नोकऱ्या, राखेचे ठेके व प्रदूषणनियंत्रण हीच मागण्यांची चौकट राहिली.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसराच्या पठारावर २००० नंतरच्या दशकात पवनचक्क्या मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. सु. ५२८ मेगॅवॉट क्षमतेचे हे पवनक्षेत्र देशातील मोठ्या पवनक्षेत्रांपैकी एक गणले जाते. त्यासाठी वापरलेल्या जमिनीत वनजमिनीचा समावेश होता व तीवर कसणाऱ्या आदिवासी कुटुंबांचा हक्क अद्याप नोंदला गेला नव्हता. २००६ चा वनहक्क अधिनियम लागू झाल्यावर या प्रश्नास कायदेशीर रूप आले. त्याच तालुक्यातील शिवाजीनगर येथे महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनीने (महानिर्मिती) जर्मनीतील विकास बँकेच्या कर्जसाहाय्याने १२५ मेगॅवॉटचा सौर प्रकल्प उभारला; तो २०१३ मध्ये सुरू झाला. सातपुड्याच्या कुशीतील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे मात्र दुसऱ्या राज्यातील प्रकल्पासाठी बाधित झाली. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार सरदार सरोवर प्रकल्पाच्या १,४५० मेगॅवॉट वीजनिर्मितीतील २७ टक्के वाटा महाराष्ट्रास मिळावयाचा होता. पाण्याचा लाभ नगण्य होता. म्हणजेच सातपुड्यातील भिल्ल व पावरा यांच्या विस्थापनाचा राज्यापुरता मोबदला जवळजवळ केवळ विजेच्या रूपात होता. मणिबेली हे त्यांपैकी पहिले बुडीत गाव नर्मदा बचाव आंदोलनामुळे सर्वत्र परिचित झाले. जागतिक बँकेचे साहाय्य १९९३ मध्ये थांबले, सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये बांधकामास संमती दिली आणि २०१७ मध्ये प्रकल्पाचे लोकार्पण झाले. आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकर यांनी २०१४ ची लोकसभा निवडणूक आम आदमी पक्षातर्फे लढविली. पण ती सातपुड्यातून नव्हे, तर ईशान्य मुंबई मतदारसंघातून. तीत त्यांचा पराभव झाला. विस्थापितांचा प्रश्न मांडण्यासाठी त्यांना महानगरातील मतदारसंघ निवडावा लागला, यावरून बाधितांचे संख्याबळ व त्यांचे राजकीय वजन यांतील अंतर लक्षात येते.

एन्‍रॉन प्रकरण : ऊर्जाप्रश्न राज्याच्या निवडणुकीत प्रथमच मध्यवर्ती झाला तो १९९५ मध्ये. उदारीकरणाच्या धोरणानुसार रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरजवळ वायूवर चालणारा मोठा वीजप्रकल्प उभारण्यासाठी एन्‍रॉन या अमेरिकन कंपनीशी जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला. सुधाकरराव नाईक त्या वेळी मुख्यमंत्री होते. शरद पवार मुख्यमंत्री असताना डिसेंबर १९९३ मध्ये दाभोळ वीज कंपनीबरोबर वीजखरेदीचा करार करण्यात आला. पहिला टप्पा ६९५ मेगॅवॉटचा व एकूण क्षमता २,०१५ मेगॅवॉट अशी योजना होती. प्रकल्प आर्थिक दृष्ट्या व्यवहार्य नाही, असे मत जागतिक बँकेने १९९३ मध्येच दिले होते.

काँग्रेसच्या मते राज्याची विजेची वाढती गरज सरकारी भांडवलातून भागणे शक्य नव्हते. शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांच्या युतीने या कराराविरुद्ध प्रचाराची राळ उडविली. तिचे प्रमुख प्रवक्ते गोपीनाथ मुंडे यांनी सत्तेवर येताच हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडविण्याची घोषणा केली. मृणाल गोरे यांच्यासारख्या समाजवादी नेत्यांचा विरोध वेगळ्या पायावर होता : स्पर्धात्मक निविदांचा अभाव, डॉलरमध्ये ठरलेला परतावा आणि आयात इंधनावरील अवलंबन. निवडणुकीत काँग्रेसला ८०, शिवसेनेला ७३ व भाजपला ६५ जागा मिळाल्या आणि मनोहर जोशी मुख्यमंत्री व मुंडे उपमुख्यमंत्री झाले. मुंडे यांच्याच अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीच्या शिफारशीवरून ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला. तथापि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी होऊन १९९६ च्या आरंभी तो पुनरुज्जीवित करण्यात आला व एकूण क्षमता वाढवून २,१८४ मेगॅवॉट ठरली. केंद्रातील अटलबिहारी वाजपेयी यांच्या तेरा दिवसांच्या सरकारने मे १९९६ मध्ये त्याच्या प्रतिहमीस मान्यता दिली.

प्रकल्पाची वीज १९९९ मध्ये मिळू लागली. नाफ्थ्याचे भाव व रुपयाची घसरण यांमुळे काही महिन्यांत तिची किंमत प्रतियुनिट ७ रुपयांच्या वर गेली. विद्युत् मंडळाने मे २००१ मध्ये खरेदी थांबविली. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी निर्णयप्रक्रियेतील दोष निदर्शनास आणले. डिसेंबर २००१ मध्ये मूळ कंपनीचे दिवाळे निघाले व २००५ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या सहभागाने रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापण्यात आली. या प्रकरणात प्रमुख पक्षांपैकी प्रत्येकाने विरोधात असताना एक व सत्तेत असताना दुसरी भूमिका घेतल्याचे दिसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दहा वर्षे चाललेल्या या वादात सार्वजनिक नवीन वीजनिर्मितीकडे दुर्लक्ष झाले व त्याची किंमत पुढील भारनियमनाच्या रूपाने ग्राहकांनी मोजली.

भारनियमन व मोफत वीज : २००३ च्या विद्युत् अधिनियमानुसार जून २००५ मध्ये विद्युत् मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या निर्माण झाल्या. मूळ विधेयक २००१ मध्ये लोकसभेत मांडले गेले तेव्हा कोकणातील राजापूरचे प्रतिनिधित्व करणारे सुरेश प्रभू केंद्रीय ऊर्जामंत्री होते. विभाजनाच्या आगेमागेच राज्यात विजेचा तीव्र तुटवडा निर्माण झाला. मुंबई त्यातून मुक्त राहिली, पुण्यास २००६ पासून जादा आकार भरून सूट मिळाली. ग्रामीण भागात मात्र बारा तासांपर्यंत व कधी त्याहूनही अधिक काळ वीज बंद राही. वसुली व गळती यांच्या प्रमाणानुसार भारनियमनाचे गट ठरविले गेल्याने नियमित बिल भरणाऱ्या ग्राहकासही वाहिनीवरील इतरांच्या थकबाकीचा फटका बसे. औष्णिक केंद्र ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात अंधार, ही तक्रार भुसावळप्रमाणेच चंद्रपूर व कोराडी परिसरांतही होती. स्वतंत्र विदर्भाच्या पुरस्कर्त्यांनी तिचा विशेष उपयोग केला. २०१२ च्या अखेरीपर्यंत राज्य भारनियमनमुक्त करण्याचे आश्वासन तत्कालीन सरकारने दिले होते; घरगुती पुरवठ्यात त्यानंतर बरीच सुधारणा झाली.

याच काळात मोफत विजेचे राजकारण सुरू झाले. २००४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी शिवसेनेने शेतकऱ्यांस मोफत वीज देण्याचे आश्वासन दिले. तेव्हा सुशीलकुमार शिंदे यांच्या काँग्रेस आघाडी सरकारने ती सवलत आधीच जाहीर केली. आघाडी विजयी झाली आणि विलासराव देशमुख यांच्या सरकारने २००५ मध्ये ती मागे घेतली. वीस वर्षांनी जुलै २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या आधी महायुती सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सु. ४४ लाख शेतीपंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज देणारी योजना आणली. रावेर व यावल तालुक्यांतील केळीच्या पट्ट्यात या प्रश्नाची दुसरी बाजू स्पष्ट होते. तेथील भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक असल्याने पाण्याची पातळी सतत खोल जात आहे. स्वस्त वीज उपशास उत्तेजन देते व खोल गेलेले पाणी अधिक वीज मागते. पुनर्भरणाच्या योजनांचे आश्वासन सर्वच उमेदवार देतात. उपशावर मर्यादा घालण्याचा उल्लेख त्यांच्या भाषणांत आढळत नाही.

अणुवीज व तेलशुद्धीकरण : कोकणातील दोन प्रकल्पांनी ऊर्जाप्रश्न पुन्हा निवडणुकीत आणला. जैतापूर (जि. रत्नागिरी) येथे फ्रेंच तंत्रावर आधारित ९,९०० मेगॅवॉटच्या अणुवीज प्रकल्पासाठी डिसेंबर २०१० मध्ये करार झाला. मार्च २०११ मधील जपानच्या फुकुशिमा येथील दुर्घटनेनंतर विरोध तीव्र झाला आणि एप्रिलमध्ये साखरी नाटे परिसरातील पोलीस गोळीबारात एक आंदोलक मृत्युमुखी पडला. काँग्रेसचे नारायण राणे प्रकल्पाचे पुरस्कर्ते होते, तर शिवसेना विरोधात उभी राहिली. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात शिवसेनेचे विनायक राऊत यांनी नीलेश राणे यांचा पराभव केला. नाणार येथील नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाची जागा शिवसेना-भाजप युतीच्या वाटाघाटींत लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. अणुवीजनिर्मितीत कार्बन डाय-ऑक्साइड जवळजवळ बाहेर पडत नाही, हा हवामानाच्या बाजूने केलेला युक्तिवाद मासेमारी व आंबा यांवर उपजीविका असलेल्या मतदारांना पटला नाही. आपल्या किनाऱ्याच्या पर्यावरणाची जपणूक आणि जागतिक हवामानाची जपणूक या दोन गोष्टी त्यांच्यासमोर परस्परविरोधी म्हणून आल्या.

हवामानबदलाचा प्रवेश : राष्ट्रीय जाहीरनाम्यांत हवामानबदलास ठळक स्थान मिळाले ते २०१५ च्या पॅरिस करारानंतर. त्या परिषदेच्या वेळी महाराष्ट्रातील प्रकाश जावडेकर केंद्रीय पर्यावरणमंत्री होते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०४७ पर्यंत ऊर्जास्वावलंबनाचे आणि त्याच वर्षी ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. भाजपच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र आली. त्याआधी फेब्रुवारीत एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसविण्याची योजना सुरू झाली होती. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात हरित संक्रमणासाठी गुंतवणूक व पर्यावरणविषयक स्वतंत्र प्राधिकरण यांवर भर होता. नागपूरचे नितीन गडकरी यांनी आयात तेलास पर्याय म्हणून इथेनॉलचा सातत्याने पुरस्कार केला. ऊस व मका यांपासून इंधन मिळाल्यास शेतकरी अन्नाबरोबर ऊर्जेचाही पुरवठादार होईल, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मात्र साखरेची टंचाई भासताच डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यावर बंधने आली, यावरून या मार्गाचीही पर्जन्यमानावरील भिस्त दिसून आली.

राज्य पातळीवर महाविकास आघाडीच्या काळात आदित्य ठाकरे यांनी २०२० मध्ये ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले व पर्यावरण विभागाच्या नावात वातावरणीय बदल हे शब्द जोडले गेले. मुंबईचा वातावरण कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. देवेंद्र फडणवीस यांच्या पहिल्या मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. शेतीस रात्रीऐवजी दिवसा वीज देणे हे तिचे उद्दिष्ट होते. रात्रीच्या पाळीत साप, बिबट्या व विजेचा धक्का यांची भीती बाळगून पाणी भरणाऱ्या शेतकऱ्यांत ती कल्पना साहजिकच लोकप्रिय झाली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने सौर ऊर्जेवर भर देऊन वीजबिलात ३० टक्के कपात करण्याचे, तर महाविकास आघाडीने ३०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरांना १०० युनिटे माफ करण्याचे आश्वासन दिले. दोहोंतही मुख्य शब्द बिल हाच होता.

खानदेशातील स्थिती : मे महिन्यात ४५° से. पेक्षा अधिक तापमान ही भुसावळ-जळगाव परिसरात जुनीच बाब आहे. तथापि अवकाळी पाऊस, गारपीट, वादळी वारे व थंडीच्या लाटा यांची अनियमितता केळीच्या मृगबाग व कांदेबाग या दोन्ही लागवडींस बाधक ठरते. त्यामुळे जळगाव व रावेर मतदारसंघांत हवामानबदलाचा प्रश्न हवामानावर आधारित फळपीक विम्याच्या रूपाने पुढे आला. किती दिवस किती तापमान राहिल्यास भरपाई मिळावी, हवामानकेंद्र कोणत्या मंडळात असावे, त्याची नोंद कोणी तपासावी, हे प्रश्न आंदोलनांचे व प्रचारसभांचे विषय झाले. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मराठवाडा व विदर्भ यांतील जिल्ह्यांबरोबर जळगावचाही समावेश झाला, तो हवामानाशी जुळवून घेणारी शेती या कारणानेच. ठिबक सिंचन व सौर पंप यांच्या निर्मितीत जळगावने मिळविलेले स्थानही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

आषाढी एकादशीच्या रथोत्सवामुळे परिचित असलेले व आता जळगाव शहरात समाविष्ट झालेले पिंप्राळा यासारख्या वस्त्यांत या प्रश्नाचे दोन्ही पदर एकत्र दिसतात. शेत आणि नागरी वसाहत यांच्या सीमेवर वाढलेल्या अशा ठिकाणी एकाच मतदारयादीत पंखा व कूलर यांच्या बिलाने त्रस्त झालेले कुटुंब व पाण्याच्या पाळीची वाट पाहणारे कुटुंब असते. उमेदवारास दोघांचेही समाधान करावयाचे असल्याने वाढत्या उष्णतेच्या कारणाऐवजी तिच्या खर्चाविषयीच तो बोलतो.

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील प्रकरणाने मात्र हा संयम मोडला. दोंडाईचाजवळील विखरण-मेथी परिसरातील शेतजमीन आधी औष्णिक वीजप्रकल्पासाठी संपादित झाली व पुढे तेथे सौर प्रकल्प योजण्यात आला. मोबदल्यातील तफावतीविरुद्ध वर्षानुवर्षे दाद मागणाऱ्या विखरण येथील ८४ वर्षांच्या एका शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत मंत्रालयात विषप्राशन केले व काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. संपादन आघाडी सरकारच्या काळातील व दिरंगाई युती सरकारच्या काळातील, असे परस्परांवर दोषारोप झाले. मोबदल्याचा फेरविचार झाला, पण तो मृत्यूनंतर. इंधन बदलले तरी संपादनाची रीत बदलली नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

मूल्यमापन : मुळशीपासून विखरणपर्यंतच्या या इतिहासात काही गोष्टी सातत्याने आढळतात. ऊर्जास्वावलंबन या शब्दाने कोणाचे स्वावलंबन अभिप्रेत आहे, हे वक्त्यानुसार बदलत आले : गांधीजींना खेड्याचे, नियोजनकारांना राष्ट्राचे, विद्युत् मंडळास राज्याचे, तर आजच्या सौरयोजनांच्या पुरस्कर्त्यांना घराचे व शेताचे. वीज जेथे तयार होते व जेथे वापरली जाते ती ठिकाणे बहुधा भिन्न असल्याने तिचा लाभ व तिची झळ वेगवेगळ्या मतदारसंघांत विभागली गेली. झळ बसणारे संख्येने थोडे असल्याने निवडणुकीत त्यांची बाजू दुबळी राहिली व त्यांना आंदोलन आणि न्यायालय यांचा आश्रय घ्यावा लागला. हवामानबदलाबाबत ही विषमता अधिक तीव्र आहे. कारण त्याची झळ पुढील पिढीस अधिक लागणार असून तिचे नाव आजच्या मतदारयादीत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहता, सौर व पवन ऊर्जेचा खर्च कमी झाल्यामुळे स्वावलंबन व हवामानरक्षण या दोन उद्दिष्टांतील जुना विरोध बराच कमी झाला आहे. सूर्यप्रकाश आयात करावा लागत नाही. खानदेशासारख्या तप्त व कोरड्या प्रदेशास ही अनुकूलता निसर्गतःच लाभली आहे. जमिनीचा न्याय्य मोबदला, चराऊ व वनजमिनींवरील हक्कांचे रक्षण, जुन्या औष्णिक केंद्रांतील कामगारांची पर्यायी सोय आणि भूजलाच्या उपशावरील मर्यादा या बाबतींत उमेदवार कोणती निश्चित भूमिका घेतात, यावर या प्रदेशातील ऊर्जाविषयक राजकारणाची पुढील दिशा अवलंबून राहील.